परराष्ट्र व्यवहार आणि बाबांची पाचर

गेल्या महिन्यात बावीस दिवस दोन देशांमधला व्यापार माझ्या ताब्यात होता. हे मी फुशारकीने सांगत नाहीये. फुशारकीच मारायची असती, तर त्या बावीस दिवसांत बाबा वारले होते हा भाग गाळला नसता का?

आधी पाचर. माझे बाबा पाचरी बनवतात. दार आपटू नये म्हणून खाली सरकवतात ती लाकडाची तिकोनी पाचर, खालून रबराची पट्टी लावलेली. "तुझे बाबा काय करतात?" या प्रश्नाला वर्गातल्या बाकीच्या मुली एका शब्दात उत्तर देतात. मला कंपासपेटीतला गुण्या बाहेर काढावा लागतो.

बाबांचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक करवतीचं यंत्र आणि दोन कारागीर. यंत्राच्या आवाजाने एकाला कमी ऐकू येतं आणि दुसऱ्याला बोलायचा कंटाळा आहे, त्यामुळे तिथे कधी भांडण झालेलं नाही. पण हल्ली नव्या इमारतींत दारामागे लोहचुंबक बसवतात. दार उघडलं की टक्‌कन चिकटतं, पाचरीला कोण विचारतो! शेवटचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक वसतिगृह होतं, तेही चुंबकाला चिकटलं. तेव्हा मामा आमच्याकडे आला. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, त्याचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे.

"दाजी, एक तारखेपासून माझ्या काउंटरला बसा," मामा म्हणाला. "वर पंखा, खाली गादीची खुर्ची. लाकडाचा भुसा नाही, कटकट नाही."

बाबा म्हणाले, "बघतो."

आमच्या घरात 'बघतो' म्हणजे हो. लग्नाच्या वेळीही ते बघतोच म्हणाले होते, असं आई सांगते. आणि मामाच्या दुकानात सगळ्यात जास्त काय खपतं माहितीये? दारामागचे लोहचुंबक. म्हणजे बाबा आता पंख्याखाली बसून चुंबक विकणार! त्या दिवसापासून बाबा घरात इतके हळू बोलायला लागले, की आपल्यालाच कमी ऐकू येतंय असं वाटावं.

मला मात्र नुकताच आत्मविश्वास आला होता. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी दुसरी आले होते. (स्पर्धक तीन होते, पण हे बक्षिसावर लिहीत नाहीत.) त्यामुळे समोर दिसेल तो प्रश्न सोडवायचा, असं माझं चाललं होतं. आणि त्याच आठवड्यात भूगोलाच्या पुस्तकात मला एका दूरच्या देशाबद्दल वाक्य सापडलं: 'येथे वर्षातील सुमारे दोनशे दिवस सोसाट्याचे वारे वाहतात.'

दोनशे दिवस! म्हणजे त्या देशात किती दारं आपटत असतील, विचार करा. आणि त्या देशाचा दूतावास आमच्या शाळेच्या मागच्याच रस्त्यावर. फाटकावर पितळी पाटी: 'व्यापार, वाणिज्य व मैत्रीसाठी सदैव तत्पर.' मी रोज त्या पाटीत बघून भांग नीट करत होते आणि ती वाचली मात्र कधी नव्हती.

घरी जाहीर केल्याबरोबर शेजारच्या काकांना कळलं, कारण आमची भिंत पातळ आहे आणि काकांचे कान जाड नाहीत. काकांना निरनिराळ्या देशांनी तीनदा व्हिसा नाकारलाय, त्यामुळे आमच्या इमारतीत दूतावास या विषयावर त्यांचाच शब्द शेवटचा.

"पहिली गोष्ट, हसायचं नाही," काका म्हणाले. "हसलं की त्यांना वाटतं, हा तिकडेच राहणार. दुसरी गोष्ट, फार गंभीरही दिसायचं नाही."

"मग कसं दिसायचं?"

"परत येणाऱ्या माणसासारखं."

मी पंधरा मिनिटं आरशासमोर परत येणाऱ्या माणसाचा चेहरा केला. आईने विचारलं, पोट दुखतंय का.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गणवेशातच गेले. दप्तरात दोन पाचरी, एक नमुन्याला आणि एक नमुना हरवला तर. फाटकापाशी तपासणीचं यंत्र होतं, त्यातून दप्तर गेलं आणि पहारेकऱ्याचा चेहरा बदलला.

"हे काय आहे?"

"पाचर."

"काय करते?"

"काहीच करत नाही. दार करतं, ते ही थांबवते."

हे उत्तर त्याच्या यादीत नव्हतं. पहारेकऱ्याच्या मागचं पोलादी दार आपोआप मिटणारं होतं. तो एका पायाने ते रोखून, दुसऱ्या पायावर उभा राहून सगळ्यांना तपासत होता. गेली सहा वर्षं, असं त्याने नंतर सांगितलं. मी ती पाचर दाराखाली सरकवून दाखवली. दार थांबलं. पहारेकऱ्याने दार रोखणारा पाय हळूच जमिनीवर टेकवला. मग भानावर येऊन म्हणाला, "ही वस्तू जप्त करावी लागेल." आणि मला रीतसर पावती दिली: 'तिकोनी वस्तू, नग एक.' जप्त केलेली वस्तू होती तिथेच राहिली, दाराखाली. दुसरीवर माझी भूमितीची वही होती म्हणून ती वाचली.

आतल्या खिडकीवरच्या बाईंनी मला चार पानी अर्ज दिला. सगळ्या सेवांना मिळून एकच अर्ज. व्हिसा, शिष्यवृत्ती, विवाह नोंदणी, कागदपत्रांचं साक्षांकन, मृतदेह मायदेशी पाठवणे आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, व्यापार.

"लागू असेल तेवढंच भरायचं," बाई म्हणाल्या.

हे वाक्य मी घरी जाऊन आईला सांगायला हवं होतं, म्हणजे सांगितलंही. पण आई जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसलीये.

"रकाना रिकामा सोडायचा नाही," आई म्हणाली. "रिकाम्या रकान्यात नंतर कोण काय लिहील सांगता येत नाही."

"अगं, पण 'मृत व्यक्तीचे नाव' असं आहे इथे!"

"अर्ज कोणाच्या नावाने आहे? बाबांच्या ना? मग तेच नाव लिही. अर्जात दोन नावं आली की अर्ज परत."

"आणि मृत्यूची तारीख?"

"आजची. तारखेच्या रकान्यात आजची तारीख कधी चुकत नाही."

"मी सरळ 'लागू नाही' लिहू का?"

"लागू नाही लिहिलेले अर्ज आम्ही कुठे ठेवतो माहितीये ना तुला?" मला माहीत होतं. खिडकीच्या फटीत, वारा येऊ नये म्हणून.

"मृत्यूचे कारण?" मी विचारलं.

वर्तमानपत्राआडून बाबा म्हणाले, "लिही, धंद्यातली मंदी."

त्या आठवड्यातला बाबांचा तो पहिला विनोद होता. तो वाया जाऊ नये म्हणून मी सुवाच्य अक्षरात लिहिला. विवाह नोंदणीत आईने वधू म्हणून स्वतःचं नाव घातलं. 'तातडीच्या वेळी कोणास कळवावे' इथे मामाचा फोन. बाबांनी न वाचता सही केली, कारण आईने पुढे केलेल्या कागदावर ते वाचून सही करत नाहीत. मी अर्ज नेऊन दिला आणि निर्यात सुरू होण्याची वाट बघत बसले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मामा दुकानाच्या टेम्पोतून आला. एका पायात बूट, एका पायात चप्पल. धाडकन दार ढकललं, समोर बाबा चहा पीत होते.

"दाजी!" मामा किंचाळला. "तुम्ही जिवंत आहात?"

बाबांनी थोडा विचार केला. "हो."

"मग फोन उचलायला काय झालं होतं? मला दूतावासातून फोन! म्हणे, आपले मेहुणे मंदीने वारले, पेटीची लांबी किती हवी? मी रस्ताभर रडत आलोय! टेम्पोवाल्यालाही रडू आलं!"

मामाला पाणी दिलं. तो जरा शांत झाला आणि मग खरी काळजी बाहेर आली. "मी म्हटलं, एक तारखेला आता काउंटरला बसवायचं कोणाला!"

एवढ्यात शेजारचे काका दोन खुर्च्या घेऊन आले. माणसं येतील, बसायला लागतील, म्हणून. बाबांना बघून त्यांनी खुर्च्या परत नेल्या नाहीत, त्यातल्या एकीवर बसले आणि म्हणाले, "व्हिसा नाकारणं मी समजू शकतो. पण हे जरा टोकाचं झालं."

दुसऱ्या दिवशी रीतसर पत्र आलं. दूतावास आपल्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे. मागोमाग आणखी दोन: बाबांना शिष्यवृत्तीसाठी वयोमर्यादेमुळे अपात्र ठरवलं होतं, आणि आईबाबांच्या विवाहाबद्दल अभिनंदन करून, वर हयात नसल्याने नोंदणी होऊ शकत नाही असं कळवलं होतं. व्यापाराबद्दल एक अक्षर नाही. खिडकीवरच्या बाईंनी, साहजिकच, सगळ्यात तातडीचा विभाग आधी हाती घेतला होता.

बाबा तिन्ही पत्रं नीट घडी करून ठेवत म्हणाले, "जाऊ दे, बाळा. एक तारखेला मी मामाकडे जातोच आहे."

मी मदत करायला गेले आणि बाबांचा धंदा राहिला बाजूला, माणूसच बंद पडला! वक्तृत्वात दुसरं बक्षीस मिळवणाऱ्या मुलीने बापाचं असं करावं? पण आई उठून कामाची पर्स घेत होती. चुकीची नोंद ही गोष्ट तिला सहन होत नाही, मग ती घरातली असली तरी.

आम्ही तिघं गेलो. पहारेकरी दोन पायांवर उभा होता, चेहऱ्यावर तेज. बाबा पाचरीपाशी थबकले, म्हणाले, "आडवी लावलीये," आणि वाकून ती सरळ केली. पहारेकऱ्याने मान डोलावली. मग आम्ही खिडकी क्रमांक चारला गेलो.

"टोकन?" बाई म्हणाल्या.

"यांच्या नावाने निघत नाही," मी सांगितलं. "ते मृत आहेत."

"मग त्यांना आत कोणी सोडलं?"

बाबांनी नम्रपणे विचारलं, "बाहेर जाऊ का?"

"थांबा हो," आई पुढे झाली. "मी जन्म-मृत्यू नोंदणीतली आहे."

खिडकीतल्या बाई ताठ बसल्या. आईने पर्स ओट्यावर ठेवली. दोन खिडक्यांतल्या बायका समोरासमोर आल्या की काय होतं, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

"नोंद रद्द करता येईल?" आई.

"रद्दचा शिक्का नाही. तुमच्याकडे आहे?"

"आमच्याकडेही नाही. दुरुस्तीची वही?"

"एकच. ती साहेबांच्या कपाटात."

"किल्ली?"

"वहीच्या शेजारी."

दोघींनी एकदमच सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात मैत्री झाली. बाईंनी आईला आत बोलावून खुर्ची दिली आणि दोघींनी मिळून नोंदवही पालथी घातली. शेवटी आईला शेऱ्याचा रकाना दिसला. तो रिकामा होता! आईने तिथे वळणदार अक्षरात लिहिलं: 'मृत्यू पुढे ढकलण्यात आला आहे.'

"वा," बाई म्हणाल्या. "फक्त अधिकाऱ्याची सही लागेल. व्हिसाचे साहेब बैठकीत आहेत, बाकीचेही. मोकळे कोण असतात... हां, वाणिज्य. तिसरा मजला, शेवटचं दार. त्यांच्याकडे कोणी जात नाही."

वाणिज्य! माझ्या दप्तरात दुसरी पाचर होती. मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढले.

तिसऱ्या मजल्यावर एकामागून एक पाच पोलादी दारं. प्रत्येक दार खांद्याने ढकलायचं, आणि आपण आत शिरतोय तोवर ते पाठीत बसायचं. शेवटच्या दारामागे वाणिज्य अधिकारी होते. उंच, गुलाबी, टाय बांधलेले, आणि समोर अगदी स्वच्छ टेबल. आम्हाला बघून ते उभे राहिले. मग बसले. मग पुन्हा उभे राहिले.

"आपण... वाणिज्य विभागात आला आहात?" ते आपली भाषा पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे बातम्या दिल्यासारखे बोलायचे. "कृपया आसनस्थ व्हावे. स्वच्छतागृह विचारण्यासाठी तर नव्हे?"

"नाही," मी म्हटलं. "व्यापारासाठी."

त्यांनी डोळे मिटले. चार वर्षांत त्यांच्याकडे असं कोणी आलेलं नव्हतं. सगळं जग खिडकी चारपाशी रांग लावायचं. इकडे ते रोज नऊ वाजता येत, दार त्यांच्यामागे धाडकन लागे, आणि पाच वाजता ते दार उघडून घरी जात.

"दूतावास म्हणजे केवळ शिक्के नव्हेत!" ते टेबलाला वळसा घालून आले. "बाजारपेठेची माहिती, उद्योजकांच्या भेटी, प्रदर्शने, करार! बोला, आमच्या देशाकडून आपण काय खरेदी कराल?"

इथे माझ्या व्यापारनीतीत पहिली भेग पडली. दूतावासाला स्वतःच्या देशाचा माल खपवायचा असतो, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. दहा मिनिटांत बाबांच्या मांडीवर माहितीपत्रकांचा ढीग झाला. त्यातलं सगळ्यात वरचं मेंढ्यांची लोकर कापायच्या यंत्राचं होतं.

"एका तासात चाळीस मेंढ्या," अधिकारी म्हणाले.

"बघतो," बाबा म्हणाले.

"नाही!" आई आणि मी एकदम ओरडलो. आणखी दोन मिनिटं गेली असती, तर आम्ही मेंढ्या शोधत फिरलो असतो. मी उठले, वक्तृत्वासारखे दोन्ही हात मागे घेतले आणि बोलले. दोनशे दिवसांचे वारे, आपटणारी लाखो दारं, दचकणारी लहान मुलं, आणि उपाय म्हणून बाबांची पाचर. शेवटच्या वाक्याला माझाच आवाज भरून आला.

अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं. मग अतिशय हळुवारपणे म्हणाले, "कुमारी, आमच्याकडे वारा असतो, म्हणून आम्ही दारे बंदच ठेवतो."

इतकं सोपं होतं, आणि माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अधिकाऱ्यांनी शेऱ्यावर सही केली. बाबा जिवंत झाले आणि उठले.

"निघू आपण," ते म्हणाले. "एक तारीख जवळ आली."

निरोप द्यायला अधिकारी दारापर्यंत आले. हातात आमच्यासाठी काढलेली आणखी माहितीपत्रकं, पाठीने दार रोखून धरलेलं, कपाळाला घाम. बाबांनी ते बघितलं. त्यांनी माझ्या दप्तरातली पाचर घेतली, खाली वाकले आणि पायाने हलकेच आत सरकवली. कोणाला काही विकायला नाही. दाराशी झगडणारा माणूस त्यांना बघवत नाही, एवढंच.

अधिकारी दारापासून अलगद बाजूला झाले. दार तसंच उभं राहिलं. शेजारच्या खोलीतून टंकलेखनाचा आवाज आला, कुणाचं तरी हसणं आलं. ते ऐकत राहिले. तेवढ्यात एका गृहस्थाने आत डोकावलं. "अरे, इथे ऑफिस आहे होय? आम्हाला वाटलं, भिंत आहे. स्वच्छतागृह कुठे आहे हो?"

"उजवीकडे," अधिकारी म्हणाले, आणि त्याच्या हातात लोकर कापायच्या यंत्राचं माहितीपत्रक दिलं. "तत्पूर्वी हे पाहावे." त्याने उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "माझ्या साडूच्या मेंढ्या आहेत!"

चार वर्षांतला पहिला ग्राहक आणि चौथ्या मिनिटाला! अधिकारी गुडघ्यांवर बसले आणि पाचर न्याहाळू लागले. "हे कसे कार्य करते?"

मग बाबा बोलले. तेही गुडघ्यांवर बसले आणि बोलतच राहिले. उताराचा कोन किती हवा, लाकडाचे तंतू दाराच्या दिशेने का ठेवायचे, रबर चिकटवण्याआधी एक रात्र उन्हाळ्यात आणि दोन रात्री थंडीत का थांबायचं. चुंबक दाराला धरून ठेवतो तो एकाच जागी, आणि पाचर आपण म्हणू तिथे. महिनाभरात बोलले नव्हते एवढं ते त्या फरशीवर बसून बोलले. आईने तर पर्स खालीच ठेवून दिली.

"आमच्या सर्व दूतावासांची दारे एकाच कारखान्यातील आहेत," अधिकारी खालूनच म्हणाले. "त्रेसष्ट देशांत. आणि त्रेसष्ट वाणिज्य अधिकारी त्या दारांमागे बसून आहेत. सर्वांना हे हवे."

पण सरकारी खरेदी म्हणजे गंमत नव्हे. खिडकी चारच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी फोन केला: ज्याचा मृत्यू पुढे ढकललाय अशा पुरवठादाराकडून माल घेता येतो, पण किती पुढे ढकललाय ते लिहावं लागेल. आई म्हणाली, "माल पोहोचेपर्यंत तरी लिहा." बाई म्हणाल्या, नको, नंतर तक्रार आली तर? शेवटी दोघींनी ठरवून 'पुढील सूचनेपर्यंत' असं लिहिलं. मग सुरक्षा विभागाने हरकत घेतली, दारं मिटण्यासाठीच बसवलेली आहेत म्हणून. वाणिज्य अधिकाऱ्यांनी लेखी उत्तर दिलं, की व्यापारही उघडण्यासाठीच ठेवलेला आहे. आठ दिवस चाचणी झाली. पहारेकऱ्याची साक्ष झाली, त्याने दोन्ही पायांवर उभं राहून दिली. हे सगळं मला खिडकी चारकडून रोज कळत होतं, आणि तारखा मात्र थांबत नव्हत्या.

तीस तारखेला मामा आला. उद्यापासूनची किल्ली आणि बाबांच्या मापाचा, दुकानाचं नाव छापलेला शर्ट घेऊन. शर्ट टेबलावर ठेवला आणि बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी हात पुढे केलासुद्धा. त्याच वेळी टपालवाल्याने जाड लिफाफा आणला. उचक्या लागल्यासारखी मीच वाचत सुटले: या दूतावासातल्या एकशे बारा दारांसाठी प्रत्येकी एक पाचर तातडीने, आणि ती पोहोचताच उरलेल्या बासष्ट दूतावासांसाठी. पुरवठादारास दीर्घायुष्य चिंतितो, अशी शेवटी ओळ होती.

बाबांनी पत्र माझ्या हातून घेतलं. स्वतः वाचलं, शेवटपर्यंत. मग शर्टाची घडी मामाच्या हातात परत ठेवली.

"नाही जमणार, दादा," ते म्हणाले. मोठ्याने, शेजारच्या काकांनाही ऐकू जाईल असं.

बघतो नाही. नाही! आईने माझा हात इतका घट्ट दाबला, की माझी अंगठी रुतली.

मामा थोडा वेळ शर्टाकडे, थोडा वेळ बाबांकडे बघत बसला. रागवावं की पेढे मागावेत, हे त्याचं ठरत नव्हतं. मग त्याची नजर माझ्यावर आली आणि दुकानदारासारखी बारीक झाली.

"काय गं, पोरी, सुट्टीत तू बसतेस का काउंटरला? तू काहीही विकशील."

मी परत येणाऱ्या माणसाचा चेहरा वगैरे काही केला नाही, सरळ मान ताठ केली.

"मामा, तुझ्यासाठी केलं असतं रे," मी म्हटलं, "पण सध्या मी फक्त सरकारांशीच बोलते."